न फोडलेलं पाकीट

श्यामचं नाव पत्रात लिहायचं ठरलं, तेव्हा मी त्याच खोलीत बसले होते. मांडीवर पोह्यांचा डबा होता. त्यातले अर्धे पोहे थोड्या वेळापूर्वी मीच श्यामला वाढले होते.

पण आधी श्याम कोण आणि पत्र कसलं, ते सांगायला हवं.

माझा मुलगा स्वानंद आणि त्याचा भागीदार अजिंक्य यांचा चाकणला, म्हाळुंग्याच्या रस्त्याला एक कारखाना आहे. जागा अजिंक्यच्या घरची. पूर्वी तिथे त्यांचं कांद्याचं वावर होतं, आता पत्र्याची लांब शेड आहे. आत बेचाळीस माणसं काम करतात आणि गाड्यांच्या ब्रेकला लागणारे छोटे पार्ट बनतात. मी त्र्याहत्तर वर्षांची आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी आठवड्यातून तीनदा मी स्वानंदबरोबर गाडीतून पिंपळे सौदागरहून चाकणला जात असे. फायली लावायच्या, फोन घ्यायचे, रजिस्टर लिहायचं. खरं म्हणजे एवढ्या कामाला कुणाची गरज नव्हती. आईने घरात एकटीने भिंतीकडे बघत बसू नये म्हणून मुलाने खुर्ची दिली होती, हे मला कळत होतं. तरी ती खुर्ची मला फार प्रिय होती.

कारण माझं आयुष्य अशाच खुर्चीत गेलं. चिंचवडच्या एका मोठ्या कंपनीत मी चौऱ्याहत्तर साली पंच ऑपरेटर म्हणून लागले. तेव्हा कॉम्प्युटरला एक अख्खी खोली असे. चपला दाराबाहेर काढायच्या, आत एसी इतका की मे महिन्यात आम्ही पोरी स्वेटर घालून बसायचो. एकीने पुठ्ठ्याच्या कार्डावर जे पंच केलं असेल, ते दुसरीने कार्ड पुन्हा मशीनमध्ये घालून तसंच्या तसं पंच करून तपासायचं. दोघींची बोटं जुळली नाहीत की लाल दिवा लागायचा. बारा वर्षं ते काम केल्यावर माझ्या डोळ्यांपेक्षा माझी बोटंच जास्त लक्षात ठेवू लागली. वाचलेलं विसरते, पण एकदा बोटांखालून गेलेलं मी विसरत नाही. आमच्या सेक्शनमधल्या सगळ्यांचे हजेरीचे टोकन नंबर मला आजही येतात. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत.

पुढे छोटे कॉम्प्युटर आले. त्यांच्या तोंडावरच कुलूप असायचं, त्याला एक गोल किल्ली. संध्याकाळी किल्ली फिरवली की कीबोर्ड मुका. ती किल्ली साहेबांनी माझ्याकडे दिली होती. मी ती मंगळसूत्राच्या वाटीमागे पिनेला अडकवायचे.

म्हणून जुलैमध्ये ज्या कंपनीला आमचे पार्ट जातात तिचं पत्र आलं, तेव्हा कारखान्यात ते सगळ्यांत आधी मला समजलं. पत्रात होतं की ज्या कॉम्प्युटरवर कंपनीची ड्रॉइंगं आणि मोजमापं आहेत, तो सुरू होतानाच बंदिस्त असला पाहिजे. स्वानंदला ते पटेना.

"विंडोजला पासवर्ड आहे की आपल्या. आणखी काय बंदिस्त करायचं?" त्याने श्यामला विचारलं.

श्याम घोगरे आमच्याकडे कॉम्प्युटर, कॅमेरे, प्रिंटर सगळं बघतो. अंबाजोगाईचा. वय तीस-एकतीस.

"सर, विंडोज नंतरची गोष्ट झाली," तो म्हणाला. "बटन दाबलं की बोर्डावरची चिप आधी जागी होती. आज कुठून सुरू व्हायचं ते ती ठरवती. आतल्या डिस्कवरून का बाहेरच्या पेन ड्राइव्हवरून. आपल्या चिपला कुणीबी पेन ड्राइव्ह दाखवला की ती म्हणायली, या, बसा, चहा घ्या."

"आमच्या सोसायटीचा वॉचमन," स्वानंद हसत म्हणाला.

"हां सर, तसंच. खालीच सोडल्यावर वरच्या फ्लॅटचं कुलूप काय कामाचं?"

श्यामने दोन दिवस बसून सगळे कॉम्प्युटर बंदिस्त केले. सुरू होतानाच्या सेटिंगला पासवर्ड घातला. बाहेरच्या कुठल्याही वस्तूवरून सुरू होणं बंद केलं. चिपला ज्याची ओळख पटेल तोच प्रोग्राम सुरुवातीला चालेल, असं करून टाकलं. मी शेजारी खुर्ची ओढून बघत बसले होते. आमची गोल किल्ली आता चिपमध्ये गेली, एवढंच मला वाटलं, आणि बरं वाटलं.

नियम असा होता की पासवर्ड दोघांकडे राहील: एक काम करणारा माणूस, आणि दुसरं बंद पाकीट, एका जबाबदार माणसाच्या ताब्यात. श्यामचं अक्षर मुंग्या चालल्यासारखं, म्हणून त्याने सांगितला आणि मी लिहिला. सोळा अक्षरं आणि आकडे, कशाचा कशाशी संबंध नसलेले.

"काकू, एकदा कागदावरून टाइप करून बघा बरं, बरोबर लिहिलंय का."

मी टाइप केला. बरोबर होता. मग कागद पाकिटात गेला, पाकिटाच्या तोंडावर तिघांनी सह्या केल्या आणि स्वानंदने ते माझ्या हातात दिलं.

"आई, तुझ्याकडेच राहू दे. तुझ्याइतकं कुणी जपणार नाही."

"अन् काकूंनी पासवर्ड बघितलाय, त्याचं काय?" अजिंक्यने गमतीने विचारलं.

"चष्मा कुठे ठेवला ते तिच्या लक्षात राहत नाही," स्वानंद म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. चष्मा तेव्हा माझ्या कपाळावर होता.

खंडेनवमी बुधवारी आली. आमच्या या पट्ट्यात खंडेनवमीला कारखान्यात जी मजा असते ती दिवाळीलाही नसते. मशिनं पुसून तेल लावून चकचकीत करतात, फरशी धुतात, माणसं बायकामुलांना घेऊन येतात, आणि ज्या मशीनवर बाप वर्षभर उभा असतो ते मशीन मुलांना त्या दिवशी दिसतं. पूजेचा मान अजिंक्यच्या आईचा, सोजराबाईंचा. जमीन त्यांची. वयाने त्या माझ्याएवढ्याच, पण अंगाने काटक. हळद-कुंकवाचं ताट घेऊन त्या एकेका मशीनपाशी जात होत्या आणि मी मागून फुलं देत होते. असं करत आम्ही सीएमएमच्या काचेच्या खोलीत आलो. सीएमएम म्हणजे तयार पार्ट मोजायचं मशीन. ते जुनं आहे, त्याला जोडलेला कॉम्प्युटरही जुना.

"चारूबाई," सोजराबाईंनी विचारलं, "तुमी कंपनीत यवढी वर्सं व्हता, तर नेमकं करायचा काय?"

"कॉम्प्युटरवर होते."

"त्ये म्हाईत हाय वो. पर करायचा काय? ह्या पोरी बसत्यात तसं बसायचा?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मला लागलं. पस्तीस वर्षं मी काय केलं, हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. नवऱ्याने नाही, मुलाने नाही. आणि माझ्या पर्समध्ये त्याचं उत्तर होतं.

एकोणनव्वद साली आमच्या टूलरूमसाठी मी एक प्रोग्राम लिहिला होता. कुणाकडे कोणतं काम, किती झालं, किती राहिलं, याची नोंद ठेवणारा. कुणी शिकवलं नव्हतं, पुस्तकं बघून मीच लिहिला. सुरू केला की पडद्यावर चांदण्यांच्या चिन्हांची एक समई उजळायची आणि खाली इंग्रजी अक्षरांत 'शुभ प्रभात' यायचं. तो अकरा वर्षं चालला. त्याच्या फ्लॉपी मी जपून ठेवल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात एका लॅपटॉप दुरुस्तीवाल्याने त्या एका पेन ड्राइव्हवर उतरवून दिल्या, थेट त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू होईल अशा. पण घरातल्या नव्या लॅपटॉपवर तो चालेना. नव्या मशिनांमध्ये असे जुने प्रोग्राम सुरू करायची सोय उरलेलीच नाही. सीएमएमच्या कॉम्प्युटरमध्ये ती आहे, हे श्यामच्या शेजारी बसून बघताना मला दिसलं होतं.

खोलीत आम्ही दोघीच होतो. बाहेर आरतीची तयारी चालली होती. पाकीट माझ्या कपाटात होतं, तिथेच राहिलं. मी खुर्चीत बसले, सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये गेले, आणि माझ्या बोटांनी सोळा अक्षरं न अडखळता टाकली.

मी ओळख पटवायची अट बंद केली. पेन ड्राइव्हला पहिला नंबर दिला. आणि समई उजळली.

"अगं बया," सोजराबाई म्हणाल्या. "चांदण्याचा दिवा! तुमी क्येला ह्यो?"

"मी केला."

"लई झ्याक हाय." त्यांनी पडद्यावरच्या समईला हात जोडले.

इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते मला मिळालं. समईखाली प्रोग्रामने विचारलं, नवीन महिना सुरू करायचा का? नवा महिना लागला की 'हो' म्हणेपर्यंत तो हे रोज विचारायचा. 'हो' म्हटलं की आधीच्या नोंदी पुसून डिस्क कोरी करायचा. नुसतं एंटर दाबलं तरी 'हो' धरायचा. त्या काळी नोंदींची कॉपी आधी मी स्वतः काढून ठेवायचे, म्हणून मी तो तसा लिहिला होता. मी 'नाही' दाबलं, कॉम्प्युटर बंद केला, आणि आता सगळं पहिल्यासारखं करून ठेवू म्हणून पुन्हा बटनाकडे हात नेला.

तोवर सोजराबाईंनी कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं होतं. झेंडूची माळ त्याच्या तोंडावरून सोडली होती.

"अं अं! पूजा झाली. आता परवापत्तुर हात लावायचा न्हाई. आज बसलाय त्यो."

पूजेला बसलेलं हत्यार चालवत नाहीत, हे मीही मानते. माळेखाली पेन ड्राइव्ह होता. दसरा गुरुवारी, आणि तशीही आमची सुट्टी गुरुवारचीच. शुक्रवारी सकाळी येऊन आधी हेच करायचं, असं मी ठरवलं आणि प्रसादाचे पेढे वाटायला गेले.

शुक्रवारी तळवड्याच्या चौकात एक कंटेनर आडवा झाला होता. पहिली शिफ्ट सातला सुरू होते. आम्ही सव्वादहाला पोचलो.

काचेच्या खोलीत तनुजा रडवेली उभी होती. ती सीएमएम चालवते, कामात चोख मुलगी. "काकू, सकाळी काळा स्क्रीन आला. पांढऱ्या चांदण्या आणि खाली काहीतरी इंग्रजी होतं. मला वाटलं रोजचं अपडेट आहे, मी एंटर मारला. मग नुसतं घर्र घर्र करत राहिला. मी घाबरून बंद केला. सर, मी काही नाही केलं."

प्रोग्राम जे मी सांगून ठेवलं होतं तेच करून मोकळा झाला होता. मोजमापांसाठी कॉम्प्युटरला वेगळी जोडलेली जुनी छोटी डिस्क त्याने स्वच्छ पुसली होती.

स्वानंद तनुजाशी बोलत असताना मी पुढे झाले. "निर्माल्य तसंच राहिलंय गं," असं म्हणाले आणि वाळलेली माळ काढली. माळेबरोबर पेन ड्राइव्हही ओच्यात घेतला. म्हातारी बाई निर्माल्य काढते तिच्याकडे कोण बघतं?

मी घाबरून तसं केलं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी तो माळेआडून अलगद, नीट बघून काढला.

श्याम दसऱ्याला गावी गेला होता, तो दुपारी एसटीतून उतरून थेट आला. आठवड्याच्या आठवड्याला तो कॉपी ठेवत असे, म्हणून बाकीचं वाचलं. मधले पाच दिवस मात्र गेले. त्या पाच दिवसांत मोजून पाठवलेले अडीच हजार पार्ट परत आणून पुन्हा मोजावे लागणार होते. तेही जमलं असतं. पण श्यामने सेटिंग उघडून बघितली आणि त्याचा चेहरा उतरला.

"सर, कुलूप उघडंय. मी लावलेलं कुणीतरी काढलंय."

ते त्याने स्वतःच सांगितलं. लपवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. हे मी नंतर पुष्कळदा आठवलं.

सोमवारी चौकशी झाली. चौकशी म्हणजे स्वानंद, अजिंक्य, श्याम आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत मी. अजिंक्यने माझ्या कपाटातून पाकीट आणवलं. उजेडात धरून बघितलं. तीन सह्या, चिकटवलेलं तोंड, कुठे सुरकुतीसुद्धा नाही.

"पाकीट फोडलेलं नाही," तो म्हणाला. "म्हणजे पासवर्ड एकालाच माहीत. श्याम, भावा, खरं काय ते सांग. गावाकडं जायच्या गडबडीत तूच काहीतरी खोलून ठेवलंस का? चूक होती माणसाची."

"साहेब, चूक असती तर चूक म्हणलो असतो."

"मग कुणाला सांगितलास का पासवर्ड?"

"कुणाला सांगू? माझ्या बायकोला माझ्या मोबाइलचा पासवर्ड माहीत नाही, अन् ती त्याच्यावरून भांडायली."

कुणी हसलं नाही. स्वानंदने माझ्याकडे एकदा बघितलं. विचारायला नाही, नुसतं आधाराला. आणि मी कपाळावरचा चष्मा शोधायला लागले. स्वानंद म्हणाला, "आई, डोक्यावर आहे." तो डोक्यावर आहे हे मला माहीत होतं.

ते मी का केलं, याचा मी विचार केला आहे. खुर्ची जाईल ही भीती होती. मुलाच्या नजरेतून उतरण्याची होती. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की मला विसरभोळी समजणं त्यांना सोयीचं होतं, आणि आता ते मलाही सोयीचं झालं होतं.

कंपनीने कळवलं होतं की घडला प्रकार लेखी द्या आणि जबाबदार माणसाचं नाव द्या. त्या माणसाचा गेटपास त्यांच्या सगळ्या पुरवठादारांकडे बंद होईल. म्हणजे चाकणपासून रांजणगावापर्यंत श्यामला कुणी दारात उभं केलं नसतं.

बुधवारी मी पोहे करून नेले. श्यामला आवडतात म्हणून शेंगदाणे जास्त घातले होते. तो माझ्या टेबलापाशी उभ्यानेच खात होता.

"काकू, तुम्हाला तरी वाटतंय का मी केलं असंल?"

"नाही रे."

"बस. एका माणसाला जरी वाटत नसंल तरी पुष्कळ आहे." त्याने बशी धुऊन ठेवली आणि कामाला गेला.

पंधरा मिनिटांनी स्वानंद आणि अजिंक्य आले आणि श्यामचं नाव लिहायचं ठरलं. स्वानंदला ते जड जात होतं. "चार वर्षं झाली त्याला," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. अजिंक्य म्हणाला, "राव, मला काय आनंद होतोय का? पण नाव नाही दिलं तर काम जाईल. बेचाळीस घरं आहेत." मी डब्याचं झाकण लावलं.

बाहेर आले तर आवारात सोजराबाई. हातात दुधीभोपळा, माझ्यासाठी आणलेला.

"चारूबाई, त्यो चांदण्याचा दिवा परत दावा की. सुनंला दावायचाय. म्या सांगितलं तिला, तर तिला खरंच वाटंना."

"तो बिघडला," मी म्हणाले.

"बिघाडला? आरं द्येवा." त्यांना खरंच वाईट वाटलं. "मंग त्या श्यामला सांगा की. लई गुणी हाय पोरगा, त्यो करंल नीट."

गुरुवारी घरी मी दुधीची भाजी केली. दिवसभर मला प्रभावती आठवत होती. आमच्या सेक्शनमधली, टोकन नंबर तीन हजार दोनशे अकरा. त्र्याऐंशी साली कॉम्प्युटरच्या नोंदींची एक महत्त्वाची टेप पुसली गेली आणि नाव तिचं आलं. तिने ते केलं नव्हतं. ज्याने केलं तो कधी पुढे आला नाही. प्रभावतीला स्टोअर्समध्ये पाठवलं आणि ती तिथेच रिटायर झाली. संत तुकाराम नगरच्या तिच्या घरी मी दर संक्रांतीला जायचे. तिळगूळ हातावर ठेवताना ती एकदा म्हणाली होती, "चारू, मला शिक्षेचं काही नाही गं. पण तो रोज माझ्याबरोबर डबा खात असणार." त्या न दिसलेल्या माणसाला मी चाळीस वर्षं मनात बोलत आले. म्हणायचे, त्याला झोप कशी लागत असेल?

आता मला माहीत झालं. झोप लागते. चांगली लागते. भूकही लागते. दुधीची भाजी मी दोनदा घेतली.

शुक्रवारी पत्र छापून टेबलावर ठेवलेलं होतं. श्यामने ते वाचलं, अशी त्याची सही खाली हवी होती. त्याने पेन घेतलं.

"साहेब, वाचलं म्हणून सही करायलो. केलं म्हणून नाही."

"नाव चुकलंय," मी म्हणाले.

अजिंक्यला वाटलं, छपाईत चूक आहे. त्याने कागद जवळ घेतला. "घोगरेच आहे ना काकू? बरोबर आहे की."

"श्यामने केलेलं नाही. मी केलंय."

"आई, काहीतरी बोलू नकोस," स्वानंद म्हणाला. "तुला त्याच्याबद्दल वाटतं, मला कळतं. मलाही वाटतं. पण पाकीट बंद आहे. पासवर्ड तुला आठवणारही नाही."

"काढ ते पाकीट."

"आई..."

"फोड, आणि बघत राहा."

त्याने सह्यांवरून पाकीट फाडलं. मी टेबलाच्या कडेवर बोटं ठेवली आणि म्हणत गेले. के, सात, एम, एम, नऊ, छोटा टी, क्यू, शून्य... माझी बोटं लाकडावर वाजत होती आणि स्वानंद कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर पुढे सरकत होता. बाराव्या अक्षरापाशी त्याने बोट उचललं. पुढचं त्याने तपासलं नाही. मी सोळाही म्हटली.

मग मी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. त्याच्या टोपणात झेंडूची एक पाकळी अडकून वाळली होती. सोजराबाईंनी विचारल्यापासून निर्माल्यापर्यंत सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. चष्म्याचंही सांगितलं.

पहिल्यांदा अजिंक्य बोलला. "काकू, मग पत्रात... तुमचं नाव लिहू?"

"लिहा. चारुलता गुमास्ते. स्पेलिंग मी सांगते, 'गुमास्ते' सगळे चुकवतात."

स्वानंद माझ्याकडे बघत नव्हता. "सोमवारी तू इथेच बसली होतीस," एवढंच तो म्हणाला. "बुधवारीही."

"हो."

श्याम पेन हातात धरून तसाच उभा होता. मला वाटत होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"काकू," तो म्हणाला, "बुधवारी मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणलात. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, एक माणूस आहे आपल्या बाजूनं."

माफी माग, असं मला कुणी म्हणालं नाही. मी मागितली. ती त्याने घेतली की नाही, मला माहीत नाही. त्याने पेनाला टोपण लावलं आणि ते अजिंक्यच्या खिशाला अडकवलं.

पत्र नव्याने छापलं गेलं. मी सही केली. आता सगळ्या कॉम्प्युटरचे पासवर्ड बदलणं आलं. श्याम माझ्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरपासून सुरुवात करायला बसला. सवयीने मी शेजारची खुर्ची ओढली.

तो कीबोर्डवर हात ठेवून थांबला. मागे न बघता म्हणाला, "काकू, जरा बाहेर थांबता का?"

मी बाहेर आले. दार लोटलेलं होतं, पण कीबोर्डचा आवाज येत होता. ऐकायचं नव्हतं, तरी माझे कान मोजू लागले. चार, पाच, सहा. कोणतं बटन लांबचं, कोणतं जवळचं, हे मला आवाजावरून थोडंफार कळतं. पन्नास वर्षांत तेवढं आलंच आहे. सात. आठ.

मी कानांवर पदर घेतला आणि चालत गेटपर्यंत गेले. वॉचमनच्या हातात गळ्यातला पास काढून दिला.

"काकू, आज लवकर?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले, आणि इथवर तो आवाज येत नाही ना, याची खात्री करून घेतली.